राउटर आणि स्विच यांच्या मेमरीत काय कुठे राहते आणि ते कसे तपासावे

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी सिस्को कंपनीच्या स्विचवर दोन नवे व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) तयार केले, पोर्ट त्यांना जोडले आणि सगळे नीट चालते आहे हे पाहून निघालो. रात्री वीज गेली. सकाळी व्हीलॅन जागच्या जागी होते, पण पोर्टची जोडणी मात्र पुसली गेली होती. असे अर्धवट का झाले, हे समजण्यासाठी कोणती माहिती कोणत्या मेमरीत राहते ते पाहावे लागते.

आपण टाइप केलेला बदल प्रथम रॅममधील, म्हणजे वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीतील, रनिंग-कॉन्फिगमध्ये (चालू सेटिंग्जमध्ये) जातो. राउटिंग टेबल (कोणत्या नेटवर्कला कोणत्या वाटेने जायचे याची यादी), एआरपीच्या नोंदी (आयपी आणि मॅक पत्त्यांच्या जोड्या) आणि स्विचचे मॅक टेबलही (कोणत्या पोर्टवर कोणते उपकरण आहे याची यादी) वीज असेपर्यंतच टिकते. मात्र ही माहिती उपकरण पुन्हा स्वतः जमवते, आपली सेटिंग्ज ते जमवू शकत नाही. म्हणून काम संपताच ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही कमांड द्यावी, म्हणजे सेटिंग्ज वीज गेली तरी टिकणाऱ्या एनव्हीरॅम या मेमरीत स्टार्टअप-कॉन्फिग (सुरू होताना वाचायच्या सेटिंग्ज) म्हणून उतरतात. व्हीलॅनची यादी फ्लॅशमधील (फाइल साठवणाऱ्या कायमच्या मेमरीतील) ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये लिहिली जाते, त्यामुळे त्या रात्री ती वाचली.

नंतर उपकरणाची माहिती दाखवणारी ‘शो व्हर्जन’ ही कमांड द्यावी. १९४१ मालिकेच्या राउटरवर ‘४९१५२०के/३२७६८के’ असे आकडे (के म्हणजे किलोबाइट) दिसले, तर त्यांची बेरीज, म्हणजे ५१२ एमबी, ही एकूण रॅम होय. दुसरा आकडा पॅकेटच्या बफरसाठी, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट तात्पुरती ठेवण्यासाठी, राखलेला भाग दाखवतो. त्याच ठिकाणी एनव्हीरॅम जेमतेम २५५ के असल्याचे दिसते, आणि मजकुराच्या सेटिंग्जना तेवढी पुरते.

आयओएसची, म्हणजे सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टिमची, फाइल फ्लॅशमध्ये असते. नवी आवृत्ती चढवण्यापूर्वी ‘शो फ्लॅश’ देऊन मोकळी जागा पाहावी आणि नवी फाइल तपासून झाल्याशिवाय जुनी पुसू नये, कारण सुरू करण्याजोगी फाइलच सापडली नाही तर राउटर रॉममॉन या दुरुस्तीसाठीच्या छोट्या प्रोग्रॅमच्या प्रॉम्प्टवर थांबतो. सुरुवातीची स्व-चाचणी आणि बूटस्ट्रॅप (आयओएस शोधून सुरू करणारा प्रोग्रॅम) रॉम या कायमच्या मेमरीतच असतात, म्हणून निदान तेवढे तरी चालते.

‘शो व्हर्जन’ची शेवटची ओळ अवश्य वाचावी. तेथे कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटरने कसे सुरू व्हावे हे ठरवणारा आकडा असतो; तो हेक्स (सोळा-आधारी) पद्धतीत २१०२ हवा. पासवर्ड काढताना ठेवलेले २१४२ तसेच राहिले, तर सेव्ह केलेल्या सेटिंग्ज असूनही राउटर त्या वाचत नाही.

जुना स्विच दुसरीकडे बसवायचा असेल, तर स्टार्टअप-कॉन्फिग पुसणे पुरेसे नाही. फ्लॅशमधील ‘व्हीलॅन डॉट डॅट’ही हटवावी आणि मगच स्विच रीलोड करावा.