वॉलपेपर आणि वाकडा कोपरा

सपाट भिंत मी एका सकाळीच उरकली. घोळ झाला कोपऱ्यात. अख्खा पट्टा कोपऱ्यातून वळवून पलीकडच्या भिंतीवर चिकटवला, तर खाली सुरकुत्या आणि वर फट. कोपरा मुळात काटकोनात नव्हताच. (कुठल्याच घराचा नसतो म्हणा.)

मग तो पट्टा ओला असतानाच सोलून काढला. शेवटच्या पट्ट्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजलं. तिन्ही मापं वेगळी! त्यातलं सगळ्यात मोठं धरून त्यात एक सेंटिमीटर वाढवला आणि नवा पट्टा तेवढाच उभा कापला. ती सेंटिमीटरभर कड पलीकडच्या भिंतीवर वळवली. उरलेला तुकडा लावताना कोपऱ्याकडे बघितलंच नाही. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) वरून खाली सोडून पेन्सिलीने उभी रेघ मारली आणि तुकडा त्या रेघेला धरून, वळवलेल्या कडेवर चढवून लावला. नक्षी किंचित सरकली, पण मी सोडून कोणाला दिसत नाही.

स्विचबोर्डसाठी आधी मेन स्विच बंद. प्लेटचे स्क्रू सैल केले, कागद वरून सरळ सोडला, मधोमध फुलीसारखा काप दिला, चारही त्रिकोण छाटले आणि बोटभराहून कमी कड प्लेटखाली सरकवली. चंदेरी, धातूचा मुलामा असलेला कागद मात्र प्लेटखाली घालू नये, त्यातून वीज वाहू शकते.

खिडकीला चौकटीच्या कोपऱ्याकडे तिरका काप पुरला. पहिला फाटला, कारण ब्लेड बोथट होतं. ओल्या कागदाला दर दोन-तीन कापांनंतर नवं पातं लागतं.