झाड एकच, खेपा अनेक: ब्रिटनमधल्या पेगन रीतीने निसर्गात कसं बसावं

ब्रिटनमधल्या पेगन लोकांना, म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपातल्या देवता आणि निसर्गपूजा नव्याने मानणाऱ्यांना, देवळावाचून फारसं अडत नाही. ओढा, टेकडी, जुना ओक हीच त्यांची पूजास्थानं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला, विक्का हा त्यातलाच एक पंथ लिहिणारे आणखी १३ हजार. विक्का, ड्रुइड, हीदन अशा या पंथांच्या देवता वेगळ्या, विधी वेगळे. पण उघड्यावर, मातीवर बसणं सगळ्यांना समान.

नवखा माणूस बहुधा थेट स्टोनहेंज हे प्राचीन शिळावर्तुळ गाठतो. तिथे एरवी दगडांपासून लांब, आखलेल्या वाटेवरूनच फिरावं लागतं. दगडाला हात लावायचाच असेल तर एव्हबरीच्या शिळावर्तुळाला जावं, तिथे चालतं. पण मनाला आणि शरीराला खरा फायदा हवा असेल, तर वर्षातून एकदा केलेल्या अशा यात्रेचा उपयोग थोडाच. घराजवळच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन बसणं जास्त कामाचं. इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ती एका दमात घालवली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. निसर्गामुळेच तब्येत सुधारली असं यावरून सिद्ध होत नाही, पण आखणीसाठी आकडा सोयीचा आहे: आठवड्यातून चार वेळा, अर्धा अर्धा तास.

जागा घरापासून चालत दहा मिनिटांच्या आतली निवडा. त्याहून लांब असेल तर पावसाळी संध्याकाळी जाणं टळतं आणि पाहता पाहता नेम मोडतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने, जबाबदारीने वागलात तर बहुतेक मोकळ्या जमिनीवर जाता येतं. इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथे सार्वजनिक पायवाटा, बागा आणि नकाशावर खुल्या दाखवलेल्या जमिनी एवढंच. शहरात राहणाऱ्यांनी जुन्या चर्चचं आवार जरूर पाहावं. तिथे शेकडो वर्षांचे यू वृक्ष असतात. मात्र यूचं पान आणि बी विषारी. हात लावलात तर घरी येऊन धुवा, आणि तोंडात काही घालू नका.

बसण्याआधी मान वर करून पाहा. ब्रिटनमध्ये २०१२ पासून ॲश झाडांवर बुरशीचा रोग पसरला आहे. रोगट झाडाचा शेंडा उघडा पडतो, लाकूड ठिसूळ होतं आणि फांदी अचानक तुटते. बीच आणि ओकसारखी मोठी झाडं उन्हाळ्यात, वारा नसतानाही, कधी कधी जाड फांदी टाकतात. म्हणून म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याशी न बसता फांद्यांच्या घेराबाहेर बसावं आणि झाडाकडे तोंड करावं. बुंध्याला टेकायचं असेल तर हॉथॉर्नचं लहानसं काटेरी झाड बरं. पेगनांना ते प्रिय, फक्त काट्यांकडे लक्ष असू द्या. सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी जाऊच नका.

पोचल्यावर लगेच बसू नका. थोडं अलीकडे थांबून मनातल्या मनात परवानगी मागायची, मग झाडाभोवती एक फेरी घालायची. ही फेरी सूर्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, झाड उजव्या हाताला ठेवून. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, आपली प्रदक्षिणा तीच. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावं: तिथे सूर्य उत्तरेकडून फिरताना दिसतो, त्यामुळे तिथले बरेच पेगन उलट फेरी घालतात.

मग जाड फोमचा चौकोनी तुकडा टाकून बसा. ओल्या जमिनीवर नुसती चादर घातली तर पंधरा मिनिटांत अंग गार पडतं आणि मन त्या गारठ्यातच अडकतं. फोन बंद. पहिली काही मिनिटं आजूबाजूला चिडीचूप असेल, कारण तुमच्या येण्याने पक्षी सावध झालेले असतात. दहा-पंधरा मिनिटं स्थिर राहिलात की रॉबिन, ब्लॅकबर्ड पुन्हा आपापल्या कामाला लागतात. ‘मला काहीच जाणवलं नाही’ म्हणणारे बहुतेक याच्या आतच उठलेले असतात.

ही शांतता परतेपर्यंत श्वासाकडे लक्ष द्या: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, ओढूनताणून नाही. गरगरलं तर मोजणं सोडा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. मग तळव्यांतून मुळं खाली जात आहेत, मातीतला ओलावा वर येतो आहे अशी कल्पना करायची. पेगन शिकवणुकीत हा पहिला धडा असतो. चित्र डोळ्यांपुढे येत नसेल तर हट्ट नको. हात जमिनीवर ठेवून ती गार आहे का, खरखरीत आहे का, एवढंच अनुभवा. काम तेवढ्यानेही होतं. शेवटची पाच मिनिटं डोळे उघडे ठेवून नुसतं पाहायचं.

संकेत शोधण्याचा नाद फार लवकर लागतो. कावळा ओरडला की मॉरिगन या आयरिश देवतेचा निरोप आला! वहीत आधी कावळ्याने काय केलं ते लिहा: कुठून आला, किती वेळ बसला, कशामुळे उडाला. अर्थ दुसऱ्या दिवशी. निम्मे अर्थ रात्रीतच गळून पडतात, आणि ते चांगलंच.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नैवेद्याने. विधीचं वर्तुळ आखायला मीठ टाकतात; त्याने गवत मरतं आणि माती बिघडते. दुकानातला मध झाडाशी ओतणं दिसायला निरागस, पण त्यात मधमाश्यांच्या अळ्या मारणाऱ्या फाउलब्रूड रोगाचे बीजाणू असू शकतात आणि जवळपासची पोळी बाधित होतात. चॉकलेट आणि मनुका कुत्र्यांना विषारी. वेस्ट केनेटच्या प्राचीन दफनगृहात लावलेल्या मेणदिव्यांनी दगड काळवंडले आहेत. नाणी खोडात ठोकू नका. स्कॉटलंडमध्ये मनलॉकीच्या झऱ्यापाशी झाडाला चिंधी बांधायची जुनी रीत आहे, चिंधी कुजत जाईल तसं दुखणं ओसरतं अशी समजूत. नायलॉनची चिंधी कुजतच नाही, उलट फांदीला काचते. बांधायचीच तर न रंगवलेल्या सुती किंवा लोकरी कापडाची, सैल, आणि जिथे ती रीत आहे तिथेच. एरवी घरून आणलेलं तांब्याभर साधं पाणी उन्हाळ्यातल्या झाडाला सर्वांत उपयोगी. पडलेला कचरा उचलून नेणं हाही नैवेद्यच धरतात. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही हे ऐकत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, पण ब्रिटनमध्ये कायदाही आहे: जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी रोप मुळासकट उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

महिनाभर नेम टिकला की वर्षाचे आठ सण त्याच जागी धरा: १ फेब्रुवारीच्या सुमारास इम्बोल्क, १ मेला बेल्टेन, १ ऑगस्टला लूनसा, ३१ ऑक्टोबरला साविन, आणि मधले दोन विषुवदिन व दोन अयनदिन. आठांचं हे चक्र विसाव्या शतकात विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड नेते रॉस निकल्स यांच्या काळात जुळवलं गेलं. साविन किंवा बेल्टेन जुने असले तरी अख्खं चक्र पुरातन मानू नये. त्याने त्याचा उपयोग कमी होत नाही. डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा बैठक दुपारच्या सुट्टीत हलवा, नाहीतर साविन ते इम्बोल्क नेम हमखास तुटतो.

दुःखात किंवा नैराश्यात एकट्याने गप्प बसल्यावर तेच तेच विचार फिरू लागले, तर उठून चाला किंवा सोबत घ्या. औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाहीत.

नेच्यांच्या रानात किंवा हरणांच्या वाटेवर बसलात तर पायजमा मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि केसांच्या कडेला गोचीड शोधा. तिची पिल्लं खसखशीएवढी असतात. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ वर ओढा. तेल लावू नका, काडीने चटका देऊ नका. पुढच्या काही आठवड्यांत, कधी कधी तीन महिन्यांपर्यंतही, चावल्या जागी पसरत जाणारं पुरळ दिसलं तर डॉक्टरांकडे जा आणि गोचीड चावल्याचं आपणहून सांगा. हा लाइम रोग असू शकतो, आणि सुरुवातीलाच प्रतिजैविकं घेतली तर तो सहसा बरा होतो.