दाराच्या लॉकचा वारंवार येणारा एरर

ऐरोलीत खाडीकडून येणारा दमट वारा आमच्या ड्राय बाल्कनीतल्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनला थेट लागतो, आणि पावसाळ्यात दार नीट बंद असूनही दार उघडे असल्याचा एरर वरचेवर येऊ लागला. मेकॅनिकने पीसीबी, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, बदलण्याचा सल्ला दिला. परंतु एरर फक्त स्पिनच्या वेळी, मशीन हादरू लागल्यावरच येत असल्याने मला तो पटेना. हादऱ्याने येणारा दोष बहुधा सैल जोडणीचा असतो. लॉकला २३० व्होल्टचा पुरवठा असल्यामुळे प्लग काढूनच, दाराभोवतीच्या रबरी गॅस्केटची तार सोडवून, मी लॉक बाहेर घेतले. कनेक्टरच्या एका पितळी टर्मिनलवर हिरवट गंज चढला होता, आणि वायर हलवताच मल्टिमीटरची जोडणी सलग असल्याचे सांगणारी बीप तुटत होती. कॉन्टॅक्ट क्लीनरने टर्मिनल स्वच्छ करून ते पकडीने हलकेच आवळले, तेव्हापासून एरर आलेला नाही.