'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' शेवटपर्यंत ऐकायचा तर

प्रोग रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, वर्षानुवर्षं ऐकणारेही 'येस' या ब्रिटिश बँडच्या १९७३च्या या अल्बमपाशी अडतात. चार गाणी, सुमारे ८० मिनिटं. माझं ऐका, सलग लावूच नका. मूळ दोन एलपी (दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या तबकड्या), प्रत्येक बाजूला एकच गाणं. तेव्हा एका बैठकीला एकच बाजू.

सुरुवात चौथ्या बाजूपासून, 'रिच्युअल'पासून करा. ख्रिस स्क्वायरचा बेस इथे अक्षरशः गातो. तालवाद्यांचा कल्लोळ ओसरून सूर परततात, तेव्हा उरलेल्या तिन्हींसाठी हुरूप येतो. मग पहिली. दुसरी संथ आहे, ती रात्री हेडफोनवर ऐका. शब्दांच्या मागे लागू नका, रिक वेकमनच्या कीबोर्डकडे कान ठेवा.

खरी कसोटी तिसरी, 'द एन्शंट'. स्टीव्ह हाऊची गिटार बराच वेळ कर्कश वाटेल, पण शेवटाकडे तो अकूस्टिक गिटार हातात घेतो. तिथवर थांबाच! हवं तर तेवढा भाग आधी ऐकून ठेवा.

या चार बाजूंमागे श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं आहेत. बँडचा गायक जॉन अँडरसन याला ही कल्पना परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचली. मला तरी त्यामुळे हा अल्बम अर्धवट सोडवत नाही.

चारही बाजू ओळखीच्या झाल्या की मग एखाद्या रिकाम्या दुपारी क्रमाने लावा.