माहिती अधिकारात प्रश्न विचारू नका, कागद मागा

"आमच्या गल्लीतला रस्ता सहा महिन्यात का उखडला?" असा अर्ज माहिती अधिकारात टाकला की उत्तर ठरलेलं असतं, "सदर बाब माहितीच्या व्याख्येत येत नाही". एका ओळीत अर्ज निकाली, आणि मग माणूस म्हणतो आरटीआयमध्ये काय दम नाही, सगळे एकमेकांना मिळालेले. मी पण पहिला अर्ज असाच केला होता, एका सरकारी ऑफिसात, दोन पानं भरून नऊ प्रश्न, का झालं, जबाबदार कोण, कारवाई कधी करणार. हेच उत्तर आलं, आणि अपील वगैरे करण्यात चार महिने गेले. तेव्हापासून गल्लीत, ओळखीत कुणाला अर्ज लिहायचा असला की मी आधी एकच गोष्ट सांगतो, प्रश्न विचारू नका, कागद मागा.

२००५ च्या कायद्यात माहिती म्हणजे ऑफिसात आधीपासून असलेली गोष्ट, फाईल, रजिस्टर, आदेश, करार, ईमेल, नमुने असं सगळं. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये पण स्पष्ट केलं की जे रेकॉर्डवर नाही ते नव्याने तयार करून द्यायला किंवा स्वतःचं मत द्यायला ऑफिस बांधील नाही. म्हणून "का" ला उत्तर मिळत नाही, पण त्या "का" चं उत्तर ज्या कागदात आहे तो कागद मात्र द्यावाच लागतो (कलम ८ मधले अपवाद सोडून).

आता रस्त्याचंच घ्या, कारण आपल्याकडे निम्मे अर्ज त्याचेच असतात. रस्त्याच्या कामात अंदाजपत्रक असतं, वर्क ऑर्डर असते, ठेकेदाराबरोबरचा करार असतो, मोजमाप पुस्तक असतं ज्याला सगळे एमबी म्हणतात, आणि शेवटचं बिल असतं. यातलं एमबी सगळ्यात महत्त्वाचं बघा. इंजिनियर साइटवर मोजून लांबी, रुंदी, जाडी त्यात लिहितो आणि त्यावरूनच बिल निघतं, म्हणजे एमबीत जाडी किती लिहिली ते हातात आलं की उखडलेल्या कडेला टेप लावून तुम्ही स्वतः मोजू शकता. आणि करारात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. तर अर्ज असा लिहायचा:

"(गल्लीचं नाव, कुठून कुठपर्यंत) या रस्त्याच्या १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळात झालेल्या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने, अंतिम देयक, करारातील दोष दायित्व कालावधी नमूद असलेले पान."

संपला अर्ज. यात राग नाही, आरोप नाही, "भ्रष्टाचार झाला असून" वगैरे काही नाही. माहिती का पाहिजे ते लिहायची गरजच नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि काउंटरवर कुणी विचारलं तरी सांगायला तुम्ही बांधील नाही. जागा आणि तारखा मात्र नेमक्या पाहिजेत. "गेल्या वीस वर्षातली सगळी कामं" असं मागितलं तर एकतर हजारो पानांचे पैसे भरा म्हणून पत्र येतं नाहीतर येऊन फाईली बघून जा म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तिथल्या क्लार्कवर पण तो अन्यायच आहे.

महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. त्यामुळे रस्ता, ड्रेनेज आणि दिवाबत्ती एकाच अर्जात कोंबू नका, तीन अर्ज करा, दहा दहा रुपयांचा तर प्रश्न आहे.

अर्ज कुणाकडे करायचा यात लोक लय गोंधळतात. शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो, काही पीडब्ल्यूडीचे, काही राष्ट्रीय महामार्गाचे. पाण्याचं पण तसंच, आमच्या सोलापुरात उजनी धरणातून पाणी सोडायचं काम जलसंपदा खात्याचं आणि शहरात वाटायचं काम महापालिकेचं, म्हणजे धरणातून किती सोडलं ते एकीकडे मागायचं आणि तुमच्या टाकीतून कोणत्या दिवशी सोडलं ते दुसरीकडे. चुकीच्या ठिकाणी गेलाच अर्ज तरी तो परत देता येत नाही, कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसात योग्य ऑफिसकडे पाठवायचा असतो. पण तेवढे दिवस आपलेच जातात, म्हणून आधी चौकशी केलेली बरी. जन माहिती अधिकारी (अर्जाला उत्तर देणारा) कोण आणि अपिलीय अधिकारी कोण ते ऑफिसात बोर्डावर लावलेलं असायला पाहिजे, जाल तेव्हा त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, अपिलाला लागतो.

राज्य सरकार, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांना जोडपत्र अ चा नमुना, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडा. राज्याचं ऑनलाइन पोर्टल पण आहे, तिथे फी ऑनलाइनच भरायची. पण रेल्वेचं डीआरएम (विभागीय व्यवस्थापक) ऑफिस, एनटीपीसी ही वीज कंपनी, ही केंद्राची, तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या पोर्टलवरून करा. याच एका स्टॅम्पपायी परत आलेले अर्ज मी बघितलेत.

हातोहात दिलात तर दुसऱ्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. त्या तारखेपासून उत्तरासाठीचे ३० दिवस मोजायचे. मध्ये फीचं पत्र येईल, अमुक पानं, पानाला २ रुपये. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून पत्र आलं की लगेच भरा, उगं आठ दिवस घरात ठेवू नका. आणि ३० दिवस उलटून गेल्यावर पैसे मागितले तर भरू नका, मुदत चुकली की कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते.

प्रती मागण्यापेक्षा मला पाहणी जास्त आवडते. अर्जातच लिहायचं, "संबंधित फाईलची पाहणी करू द्यावी व निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात." पहिला तास फी नाही. फाईल समोर आली की कळतं खरी गोष्ट कुठे आहे, ती बऱ्याचदा टिपणीच्या पानांवर असते, कुणी आक्षेप घेतला होता, कुणी सही करून पुढे ढकललं, आणि ही पानं बाहेरून मागायला आपल्याला सुचतच नाहीत कारण ती आहेत हेच माहीत नसतं. वही पेन घेऊन जा, पान नंबर लिहून घ्या, फक्त त्याच प्रती मागा. राज्य सरकारचं २०१८ चं एक परिपत्रक पण आहे, जिल्हा पातळीवरच्या ऑफिसात आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला खुले ठेवायचे म्हणून. जाताना त्याची प्रिंट खिशात ठेवा, समोरच्याला ते माहीतच नसतं असं पण होतं.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. अपिलात भाषण लिहू नका, मागितलं काय, मिळालं काय, राहिलं काय, मुद्द्यावार एवढंच. निकाल ३० दिवसात, फार तर ४५. लोक नेमकं इथेच सोडून देतात, आणि मला त्याचं लय वाईट वाटतं, कारण अपिलाची सुनावणी लागली की बऱ्याच वेळा कागद निघतात, माहिती अधिकाऱ्याला पण पुढचा दंड माहीत असतो, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, तो पण त्याच्या स्वतःच्या खिशातून.

तिथेही नाही झालं तर ९० दिवसात दुसरं अपील, जोडपत्र क, राज्य माहिती आयोग, आपल्या सोलापूर जिल्ह्याला पुणे खंडपीठ. इथे तारीख लागायला बराच वेळ जातो, म्हणून पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद एका फाईलला लावून ठेवा, आणि स्पीड पोस्टाची पावती आली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा, त्या कागदावरची शाई काही महिन्यात उडते आणि सुनावणीच्या दिवशी हातात नुसता कोरा कागद राहतो.