प्लॅन २०० चा, वेग ९४ चा: घरच्या ब्रॉडबँडमधल्या या चुका टाळा

नेट हळू चालायला लागलं की आपण कस्टमर केअरला फोन लावतो, नाहीतर सरळ मोठा प्लॅन घेतो. आमच्या इमारतीत बऱ्याच घरांमध्ये मी राउटरपाशी बसून हा प्रश्न सोडवला आहे, आणि बहुतेक वेळा गळती घरातच सापडली. म्हणून जास्तीचे पैसे मोजण्याआधी एक काम करा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, बाकीचे मोबाइल, टीव्ही थोडा वेळ वायफायवरून काढा आणि स्पीड टेस्ट घ्या. इथे पूर्ण वेग मिळाला, तर कंपनीकडून येणारी लाइन ठीक आहे. पुढचा शोध घरातल्या वायरी, भिंती आणि सेटिंगमध्ये घ्यायचा.

मोजताना एकक बघा. प्लॅनचा वेग सेकंदाला मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) विकला जातो, फाइल मात्र मेगाबाइटमध्ये उतरताना दिसते. ८ बिटांचा एक बाइट, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास उतरत असेल तर काहीही बिघडलेलं नाही.

९४ वर अडकलेला काटा

माझ्या घरी २०० एमबीपीएसचा प्लॅन होता आणि पीसीवर सकाळ-संध्याकाळ ९४ च्या वर आकडा जाईना. दोन महिने मी तक्रारी करत राहिलो. दोष निघाला हॉलमधून बेडरूममध्ये नेलेल्या केबलच्या जॅकमध्ये. आठपैकी एक तार आत तुटली होती.

९४-९५ हा आकडा ओळखून ठेवा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर प्रत्यक्षात एवढाच वेग हाती येतो. या जोडणीला केबलमधल्या चारच तारा पुरतात, पण गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला, आठही लागतात. बाकीच्या चारांतली एक जरी तुटली तरी बहुतेक वेळा दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे शंकाही येत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट इथे ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १००/१०० लिहिलेलं असेल तर केबल बदलून बघा. तरीही तेच दिसलं तर राउटरचा लॅन पोर्ट, मधला जुना स्विच किंवा पीसीचं नेटवर्क कार्डच १०० चं असू शकतं.

नवी केबल घेताना कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रतीची, आणि शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण वाकवली की लवकर तुटते. कॅट ५ई वरही १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालतं. घरासाठी ते भरपूर झालं.

राउटर कुठे ठेवला आहे?

फायबर दारातून आत येते, म्हणून राउटर दाराजवळ चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे बसतो. टीव्ही, आरसा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि आरसीसीच्या भिंती, सगळ्यांत सिग्नल मरतो. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. जोडणी करायला माणूस येईल त्याच दिवशी जागा दाखवा, नंतर फायबर हलवणं कटकटीचं होतं. ती पातळ वायर कपाटामागे दुमडून दाबू नका. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो, आणि वायर तुटली तर मोडेमवर ‘लॉस’चा (LOS, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागतो.

वायफायचे दोन पट्टे कामानुसार वाटून द्या. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्खी इमारत त्यांवर दाटीने बसलेली असते. मायक्रोवेव्हही त्याच भागात गडबड करतो. तिथे प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब ठेवा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्झवर घ्या. तो भिंतीआड लवकर थकतो, पण जवळ असताना खूप वेगवान असतो. न हलणाऱ्या पीसीला तर केबलच द्या.

दुसरा राउटर जोडताना

जुना राउटर आतल्या खोलीत लावणं चांगलंच, पण केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या खाचेत) घातली आणि सेटिंग तशीच ठेवली की घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. मग हॉलमधल्या लॅपटॉपला आतला प्रिंटर सापडत नाही. त्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल, म्हणजे वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वायफाय पुरवायची सोय, तर तो निवडा. नसेल तर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला क्रमांक) बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे बाकीच्या उपकरणांना असे पत्ते वाटणारी सोय, बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्ये घाला. हे याच क्रमाने करा.

रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र) वापरत असाल तर तो सिग्नल मेलेल्या खोलीत ठेवू नका. मधल्या वाटेवर ठेवा, जिथे मुख्य राउटर अजून नीट पकडतो. एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर वेग जवळपास निम्म्यावर आणतो, हे धरून चाला.

एकाच्या व्हिडिओ कॉलवर सगळं अडकतं तेव्हा डाउनलोडपेक्षा अपलोड तपासा. कुणाचा तरी फोन शेकडो फोटो क्लाउडवर चढवत असतो, आणि अपलोडचा रस्ता भरला की इतरांची डेटाची छोटी पाकिटंही रांगेत थांबतात. राउटरमध्ये क्यूओएस (कुठल्या कामाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) असेल तर अपलोडला थोडी मर्यादा घाला, फोटोंचा बॅकअप रात्रीवर टाका. घरात तीन-चार विंडोज मशीन असतील तर विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ चालू करून फक्त घरच्या नेटवर्कमधली यंत्रं निवडा. एका मशीनवर उतरलेलं अपडेट मग बाकीच्यांना घरातूनच मिळतं.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून डाउनलोडचा वेग वाढत नाही, फार तर पान उघडायला जरा लवकर सुरुवात होते. ‘स्पीड बूस्टर’ सॉफ्टवेअर असेल तर काढून टाका. महिनाअखेरीसच नेट मंदावत असेल तर डेटाची मर्यादा बघा. ‘अनलिमिटेड’ म्हणवणाऱ्या अनेक प्लॅनमध्ये ती ३३०० जीबी असते.

आणि केबलवरही वेग कमीच आला, तर तक्रार पुराव्यासह करा. तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री ९ नंतर केबलवर टेस्ट घेऊन स्क्रीनशॉट ठेवा. फक्त रात्रीच वेग पडत असेल तर लाइनवर गर्दी आहे, कारण एकच फायबर स्प्लिटरमधून (प्रकाश अनेक वाटांत विभागणाऱ्या डबीतून) अनेक घरांत वाटलेली असते. दिवसभर पडत असेल तर तंत्रज्ञाला मोडेमवर येणारा प्रकाश मीटर लावून मोजायला सांगा. तो उणे २७ डीबीएमच्याही (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) खाली असेल तर जोड किंवा वायर बदलून घ्या आणि तो आकडा तक्रार क्रमांकाशेजारी लिहून ठेवा.