शागोतीच्या रश्शात फॅट किती? घरच्या घरी मोजायची रीत

डॉक्टरांनी आमच्या ह्यांना तेल कमी करायला सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी त्याच रविवारी शागोतीचं, म्हणजे भाजलेलं खोबरं वाटून केलेल्या गोव्याच्या कोंबडीच्या रश्शाचं, तेल तीन मोठ्या चमच्यांवरून एकावर आणलं. नारळ मात्र अख्खाच खवला. मी हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "नारळात कसलं आलंय तेल?" पाठीमागच्या फळीवर खोबरेलाची बाटली उभी होती.

गोव्याच्या रश्शाचा हिशेब चुकतो तो इथेच. आपण फोडणी मोजतो, वाटप, म्हणजे वाटलेलं खोबरं-मसाला, मोजत नाही.

सुरुवात वजनकाट्याने करा. "एक नारळ" हे माप काही खरं नव्हे. एखाद्या नारळातून 200 ग्रॅम खोबरं निघतं, एखाद्यातून 300. खवून झालं की भाजण्याआधी वजन करा. ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांश फॅट असतं, म्हणजे 100 ग्रॅमला 33 ग्रॅम. भाजल्यावर पाणी उडून जातं आणि तेल तसंच राहतं, त्यामुळे भाजलेलं खोबरं तोलून हा आकडा लावलात तर हिशेब कमी भरतो. सुकं खोबरं वापरत असाल तर 100 ग्रॅमला 65 धरा.

मग तेल. बाटलीतून थेट कढईत ओतायचं नाही, चमच्याने घ्यायचं. मोठा चमचा म्हणजे 13 ते 14 ग्रॅम, चहाचा चमचा साडेचार. तेल कुठलंही असो, ते सगळं फॅटच. खसखस चमचा-दोन चमचेच पडते, ती सोडून द्या. पण रस्सा दाट व्हावा म्हणून काजू वाटत असाल तर 100 ग्रॅमला 44 ग्रॅम धरा. कोंबडीची साल काढून टाका. तिची बरीचशी चरबी सालीत आणि सालीखालीच असते.

आता बेरीज. आमच्या त्या रविवारच्या शागोतीत खोबरं होतं 250 ग्रॅम, म्हणजे फॅट सुमारे 83 ग्रॅम. आधीच्या तीन मोठ्या चमच्यांचं तेल धरलं तर आणखी 40. एकूण 123, खाणारे सहा. माणशी 20 ग्रॅम, तेही कोंबडी सोडून. एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे नुसत्या रश्शातून 180. सासूबाईंनी दोन चमचे वाचवले, तेव्हा 27 ग्रॅम कमी झाले. तेल तेवढंच ठेवून नारळ अर्धा केला असता तर 41 कमी झाले असते. शिवाय खोबऱ्याच्या फॅटपैकी पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर संपृक्त (सॅच्युरेटेड) असतं, आणि डॉक्टरांची कुरकुर असते ती त्याच्यावरच. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्याने संपृक्त फॅट एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे 22 ग्रॅमच्या आत ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या शागोतीत माणशी 12 ग्रॅम एकट्या नारळातूनच येत होते.

कमी करायचं तर पहिली गोष्ट, खोबरं तेलात भाजू नका. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर कोरडंच परता. पाचेक मिनिटांनी त्याचं स्वतःचं तेल सुटू लागतं आणि तेवढ्यात ते छान तांबूस होतं. हात मात्र थांबवायचा नाही, एक बाजू करपली की वाटप कडू झालंच. दुसरं, निम्मं खोबरं काढून त्याच्या जागी कांदा जास्त घ्या आणि तोही भाजून वाटा. धणे थोडे वाढवले तर दाटपणाही येतो. वाटप अगदी गंधासारखं बारीक करा. भरड राहिलं की रस्सा पातळ वाटतो आणि हात पुन्हा नारळाकडे जातो.

पाणी घालून काही साधत नाही. टोपातलं फॅट तेवढंच राहतं, आणि पातळ रस्सा आपण भातावर दुप्पट ओढतो.

आदल्या दिवशी करून ठेवत असाल तर रस्सा निववून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी बाटलीत पांढरं बसलेलं दिसतं, तेच इथे होतं. वरचा लालसर थर चमच्याने अलगद निघतो. सगळा मात्र काढू नका, मिरचीचा रंग आणि मसाल्याचा वास बराचसा त्याच तवंगात उतरलेला असतो. आणि थर निघाला म्हणजे रस्सा बिनतेलाचा झाला असं समजू नका. वाटपात मिसळलेलं तेल वर येतच नाही.

म्हणूनच ही युक्ती हुमणाला, म्हणजे गोव्याच्या माशांच्या आमटीला, लागू पडत नाही. त्यात खोबरं कच्चंच वाटतात, तेल सुटून वर येत नाही. पण हुमणाला मुळात एवढी काळजी लागतही नाही. चौघांना 100 ग्रॅम खोबरं, म्हणजे माणशी 8 ग्रॅम. फोडणी नाही, वर खोबरेलाचा एक चमचा, तोही वासापुरता. सासूबाईंना हा आकडा सांगितला, तर त्यांनी सोमवारी बांगड्याच्या हुमणात तेफळं, म्हणजे तिरफळं, जरा जास्तच टाकली आणि खोबरं मात्र काट्यावर तोलून घेतलं. 110 ग्रॅम भरलं. वरचे दहा त्यांनी मांजरीसमोर ठेवले, तिने ढुंकूनही पाहिलं नाही.